मुगिलकोप्पचं गूळपाणी

२ नोव्हेंबर १९९७, रविवार

आज दुपारी साडेचार वाजता मला काढून टाकलं. वेळ लिहून ठेवतो, पुढे राग कमी व्हायला लागला तर उपयोगी पडेल.

पाऊलवाट मंडळ शहाऐंशी साली मी आणि पिराजीरावांनी काढलं. बंगळूरच्या मराठी माणसांना रविवारी पत्ते कुटण्यापलीकडे काही सुचत नव्हतं, त्यांना मी डोंगर दाखवले. अकरा वर्षं प्रत्येक मोहिमेचा नेता मी. आज पिराजीरावांच्या हॉलमध्ये, मीच विकत आणलेल्या सतरंजीवर बसून, सगळ्यांनी हात वर करून जयतीर्थला नेता केलं. आयत्या बिळावर नागोबा.

निमित्त एका पत्राचं. मंडळाचा नियम असा की तक्रार लेखी द्यायची, अध्यक्षांनी ती सगळ्यांसमोर वाचायची आणि लिहिणाऱ्याचं नाव सांगायचं नाही. लोकांनी मोकळेपणाने बोलावं म्हणून हा नियम मीच केला होता. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

पत्र दसऱ्याच्या कुमार पर्वताच्या मोहिमेबद्दल. इंग्रजीत, टाइप केलेलं, म्हणजे अक्षर ओळखू येऊ नये याची खबरदारी. पिराजीराव चष्मा लावून सुभेदारी आवाजात वाचत होते. धनलक्ष्मीअक्कांचा पाय मुरगळला तेव्हा नेता पुढे होता. त्याला दोनदा हाक मारली. त्याने मागे न बघता हात वर केला आणि तो चालत राहिला. पाण्याची बाटली त्याच्याच सॅकमध्ये होती. मागे राहिलेल्यांना चार तास पाणी मिळालं नाही.

हात वर केला म्हणजे ‘सावकाश या, मी पुढे होतो’ असा अर्थ होतो, हे अकरा वर्षांत कोणाला कळलं नसेल तर तो माझा दोष नाही. शिवाय त्या दिवशी वाटेवर जत्रेसारखी गर्दी होती. हाक नक्की कोणाची, कळणार कसं? आणि अक्का काही एकट्या नव्हत्या. शुभदा थांबली होती त्यांच्याजवळ. माझी स्वतःची बायको तिथे होती, म्हणजे मीच तिथे असल्यासारखं झालं.

शेवटी वरच्या मुक्कामावरून खाली जाऊन दोघींना घेऊन आला तो जयतीर्थ. म्हणजे पत्र कोणाचं, ते शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

घरी आल्यावर शुभदाला सगळं सांगितलं. ती सभेला नव्हती, शाळेच्या ऑफिसात चाचणी परीक्षेचं टायपिंग साचलंय म्हणून रविवारीही गेली होती. तिने नीट ऐकलं. मग विचारलं, “पण पत्रातलं खोटं काय होतं?” मी म्हणालो, खऱ्याखोट्याचा प्रश्न नाही, पाठीत वार करण्याचा आहे. तिने मला आणखी भात वाढला.

५ नोव्हेंबर, बुधवार

जयतीर्थ बसस्टॉपवर भेटला. धारवाडकडचा माणूस, कन्नड आणि मराठी दोन्ही सारख्याच संथपणे बोलतो. मी सरळ म्हणालो, “पत्र तूच लिहिलंस.”

तो म्हणाला, “अण्णा, तुम्हाला तसं वाटतंय, तर तसं असू दे की.”

नाकारलं नाही. चोर तो चोर, वर शिरजोर. आजपासून मी डूख धरला. त्याची नेता म्हणून पहिली मोहीम जानेवारीत आहे, सव्वीस जानेवारी सोमवारी येते म्हणून जोडून तीन दिवस. पुन्हा कुमार पर्वत. या माणसाला दुसरं काही सुचत नाही. ती मोहीम मी बुडवणार.

रात्री जेवताना शुभदाला तसं सांगितलं. ती म्हणाली, “बुडवणार म्हणजे काय करणार?” हा प्रश्न बरोबर होता. अजून ठरलेलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

ठरलं. त्याच तीन दिवसांत माझी वेगळी मोहीम. माणसं माझ्याकडे आली की त्याने कुमार पर्वतावर एकट्याने झेंडा लावावा.

पण कुठे न्यायचं? सकाळपासून पलंगावर नकाशे पसरून बसलो होतो. सोपा डोंगर नको, तिथे कोणीही नेईल. फार अवघड नको, अक्कांसारखे लोक येणार नाहीत, आणि अक्का आल्याच पाहिजेत, म्हणजे जगाला कळेल. तासाभराने शुभदा चहा घेऊन आली आणि तिथेच बसली. म्हणाली, “गर्दी होती म्हणून तसं झालं, असं तुम्हीच म्हणता ना? मग जिथे गर्दी नाही तिथे जाऊ या. शिखर कशाला हवं? डोंगरातली गावं बघू. तिथले लोक कसे राहतात, बायका पाणी कुठून आणतात, काय शिजवतात.”

बायकी कल्पना, पण पत्रकासाठी उत्तम. ‘गर्दीला रामराम. डोंगरमाथ्यावरच्या जुन्या गावांतून तीन दिवस.’ जयतीर्थच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा हे कोणालाही आवडेल. मराठी मजकूर मी लिहिला. इंग्रजी शुभदा शाळेतून टाइप करून आणणार आहे, कारण पुण्याहून आलेल्या कॉम्प्युटरवाल्या पोरांना मराठी वाचायचा कंटाळा.

आज आम्ही दोघं अडीच तास बोललो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

गावं सापडली. आमच्या कारखान्यातला देवाप्पा, लेथवर असतो, त्याचं आजोळ मलनाडात वर डोंगरावर आहे. मुगिलकोप्प. सात घरं. तिथून डोंगराची धार ओलांडली की कट्टेमने, नऊ घरं. रस्ता नाही, वीज नाही, पर्यटक तर नाहीतच. नावं ऐकूनच मी खूश.

देवाप्पाला जेवणाच्या सुट्टीत बसवून वाट काढून घेतली. तो मध्येच “सर, तिथे पाहुण्यांचं जरा वेगळं असतं, घोळका घेऊन गेलं तर...” असं काहीतरी सुरू करत होता. मी म्हणालो, देवाप्पा, तू मला ओढे सांग, चढ सांग, बाकीचं मी बघतो. भोंगाही झाला तेवढ्यात.

१५ डिसेंबर, सोमवार

शनिवार-रविवारी एकटा जाऊन वाट बघून आलो. नेता असाच असावा लागतो. जयतीर्थने आयुष्यात कधी वाट आधी जाऊन बघितली आहे का?

डांबरी रस्त्यावरून मुगिलकोप्प साडेतीन तास. नोंद केली. मधे दोन ओढे, एकच खडा चढ. वर पोचल्यावर सुपारीच्या बागा, वेलदोड्याचा वास, घरांपुढे सारवलेली मोठी अंगणं. पुट्टम्मा म्हणून सत्तरीची बाई आहे, देवाप्पाच्या आईची मावशी. मी अंगणात पाऊल ठेवलं आणि तिने गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी पुढे केलं. तिकडची रीतच आहे ती, आधी गूळपाणी मग चौकशी. पाणी प्यायल्यावर तिने विचारलं, “वाट कशी होती?” मी म्हणालो, साडेतीन तास. ती हसली. चौदा-पंधरा माणसं घेऊन येतो म्हटल्यावर म्हणाली, आनंदाने या, पडवीत झोपा, भात-सारू करून घालीन.

घरी येऊन शुभदाला सगळं इत्थंभूत सांगितलं. तिने खूप विचारलं. घराला दार कोणत्या दिशेला, विहीर आहे की झरा, पुट्टम्मा एकटीच राहते का. मला सगळं आठवत नव्हतं. मी पुढच्या वेळी बघून ठेवतो म्हणालो.

२८ डिसेंबर, रविवार

माझ्याकडे अकरा नावं. त्याच्याकडे सहा. कोरमंगल्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीतला तनय आपल्या तीन मित्रांना घेऊन माझ्याकडे आला. “काका, तुमचा रूट एकदम अनएक्सप्लोर्ड आहे. कुमार पर्वत इज सो क्राउडेड यार.” मी त्याला दोन लाडू दिले.

धनलक्ष्मीअक्कांनीही नाव दिलं. म्हणाल्या, “पाय स्वल्प दुखतोय अजून, पण शुभदा आहे ना, सरी, चालेल.” शुभदा आहे म्हणून येतात, माझ्यासाठी नाही. हरकत नाही. नाव माझ्या यादीत आहे.

४ जानेवारी १९९८, रविवार

जयतीर्थने मोहीम रद्द केली. चारच माणसं उरली म्हणे. पिराजीरावांचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. फोन ठेवून अर्धवट साबणाच्या तोंडानेच शुभदाला सांगायला स्वयंपाकघरात गेलो. सुंठीवाचून खोकला गेला.

ती म्हणाली, “झालं ना मग? आता सोडून द्या त्याला.”

सोडून कसं देणार? रद्द झालेल्या मोहिमेची कोणी तक्रार करत नाही. सभेत पत्र वाचलं जात असताना सतरंजीच्या दोऱ्याशी चाळा करत बसायची पाळी त्याच्यावर यायला हवी. माझ्यावर आली तशी.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. संध्याकाळी जयतीर्थ एळ्ळु-बेल्ल घेऊन घरी आला. तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे, त्यांच्या पद्धतीचं. शुभदाने आपला तिळगूळ दिला. गोड बोला म्हणायचं म्हणून मी म्हणालो.

मग तो म्हणाला, “अण्णा, तुमच्या ट्रेकला मी पण येऊ का? मागं चालतो. कुणीतरी मागं पाहिजेच की.”

देवानेच पाठवला म्हणायचं. मी अगदी मायेने म्हणालो, ये की, मागची सगळी जबाबदारी तुझी. शेवटचा माणूस पोचला नाही तर उत्तर तू द्यायचं. तो ‘सरी अण्णा’ म्हणाला. त्याला काही कळलं नाही.

शुभदा त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली आणि बराच वेळ दोघं तिथे बोलत होती. आल्यावर मी विचारलं, काय म्हणत होता? “विचारत होता, अजून सांगितलं नाही का,” ती म्हणाली. काय सांगितलं नाही? तर म्हणाली, “यायचं की नाही ते. मी पण येणार आहे. आणि मागेच चालणार आहे.”

१७ जानेवारी, शनिवार

आज तक्रार लिहून काढली. आधी शिदोरी मग जेजुरी. मजकूर असा:

‘दि. २४ जानेवारी रोजी मागील तुकडीचे प्रमुख श्री. जयतीर्थ यांच्या ढिसाळपणामुळे सदर तुकडी मुक्कामी तीन तास उशिरा पोहोचली. महिला सदस्यांचे हाल झाले. सबब त्यांना कोणतीही जबाबदारी देऊ नये.’

मी तनय आणि कंपनीला घेऊन साडेतीन तासांत वर पोचणार. मागच्यांना अक्कांच्या पायाने सहा-सात तास लागणार. बाकी आपोआप होईल.

शुभदाला वाचून दाखवलं. ती पोळी लाटत होती. म्हणाली, “हे अजून झालेलं नाही.” मी म्हणालो, होईल. ती म्हणाली, “‘महिला सदस्यांचे हाल’ म्हणजे मी आणि अक्का ना?” मी म्हणालो, हो, पण ते कागदावर. तिने लाटणं खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मग तव्यावरची पोळी करपली.

२४ जानेवारी, शनिवार. मुगिलकोप्प

हे पडवीत बसून लिहितो आहे. आजचा दिवस माझ्या शत्रूवरही... नाही, शत्रूवर यायला हवा होता, म्हणूनच लिहितो.

सकाळी साडेआठला रस्ता सोडला. ठरल्याप्रमाणे मी तनयच्या चौकडीला घेऊन सुटलो. शेवटच्या चढाला त्यांच्या बाटल्या रिकाम्या झाल्या, माझीही. बारा वाजता पुट्टम्माच्या अंगणात. साडेतीन तास, बरोबर.

पुट्टम्मा बाहेर आली. “एष्टु जना?” किती जण? मी म्हणालो, चौदा. तिने आम्हाला मोजलं. पाच. आत गेली, गुळाची परात आणि पाण्याची तांब्याची घागर आणली, पडवीच्या कट्ट्यावर ठेवली आणि वर केळीचं पान झाकलं. म्हणाली, “उळिदोरु बरली.” बाकीचे येऊ देत.

मला वाटलं, गंमत करते आहे. पण नाही. त्या डोंगरावरच्या गावांत एकत्र निघालेल्यांतला शेवटचा माणूस अंगणात आल्याशिवाय कोणालाच गूळपाणी मिळत नाही. पूर्वी जंगलात माणूस मागे राहिला की वाघ न्यायचा, म्हणून दारात मोजून घ्यायची रीत पडली. डिसेंबरात मी एकटा होतो. पहिलाही मीच, शेवटचाही मीच. मला कळायचं कसं?

तनयने विचारलं, “काका, झऱ्यावर जाऊन पिऊ का?” पुट्टम्माला तसं विचारलं. ती शांतपणे म्हणाली, झरा काय, सगळ्यांचाच आहे, खुशाल प्या. पण जो बाहेर पाणी पितो तो माझ्या घरी जेवत नाही. पोरं परत पडवीत बसली. मीही.

बारा ते साडेतीन. साडेतीन तास आम्ही त्या झाकलेल्या घागरीकडे बघत बसलो. तोंडाला कोरड पडली होती, जीभ टाळ्याला चिकटत होती. तनय एकदा म्हणाला, “काका, आपण थांबून सगळ्यांबरोबर आलो असतो तर सिम्पल झालं असतं ना?” त्याला दिलेले दोन लाडू वाया गेले.

मग मागचे आले. हसत आले. अक्कांच्या हातात काठी, शुभदाच्या केसांत कुठलंसं रानफूल, तिने घागर बघितली आणि मग माझ्याकडे बघितलं. सगळ्यांत शेवटी जयतीर्थ. पुट्टम्माने केळीचं पान काढलं आणि पहिला गूळ, पहिलं पाणी त्याला दिलं. शेवटी येतो तो मुखिया, असं इथे धरतात. त्यालाच विचारलं, वाट कशी होती? इथे वाट शेवटचाच सांगतो, कारण सगळ्यांच्या पाठी त्याने बघितलेल्या असतात.

जयतीर्थने कन्नडमध्ये सांगितलं, “वाट चांगली होती, अम्मा. कोणाला त्रास झाला नाही. आमचे अण्णा पुढे जाऊन बघून ठेवतात, म्हणून आम्हाला सोपं जातं.”

हा माणूस किती पोचलेला आहे बघा. मला वाचवल्यासारखं करून सगळ्यांसमोर मोठा झाला. झोपायची जागा, उद्या वाटाड्या हवा का, रात्री शेकोटी कुठे पेटवायची, पुट्टम्मा आता सगळं त्यालाच विचारते. चौदा माणसं मी आणली आणि मुखिया तो.

उद्या बघतो. उद्या कट्टेमनेत शेवटचा मी पोचणार.

२५ जानेवारी, रविवार. कट्टेमने

नीट लिहायला हवं.

सकाळी सगळ्यांना पुढे सोडलं आणि मी मागे राहिलो. जयतीर्थही राहिला. मी म्हणालो, तू हो पुढे. तो म्हणाला, “अण्णा, मागची जबाबदारी तुम्हीच दिलीय की मला.” मी बुटाची नाडी बांधायला थांबलो, तोही थांबला. मी पाणी प्यायलो, त्यानेही घोट घेतला. मी एका दगडावर बसलो, तो समोरच्या दगडावर. धारेवर वारा छान होता. पंचेचाळिशीचे दोन पुरुष एकमेकांच्या मागे राहण्यासाठी वीस मिनिटं दगडांवर बसून होते. तोही हसला नाही, मीही नाही.

शुभदा अक्कांना घेऊन थोडी पुढे होती. ती वळून परत आली. आम्हा दोघांकडे बघितलं आणि म्हणाली, “उठा. दोघंही चला पुढे.” शाळेतल्या मुलांशी बोलावं तशी. आम्ही उठलो. तिने अक्कांचा हात जयतीर्थकडे दिला आणि ती आमच्या मागे चालायला लागली.

मला ठीक वाटलं. तो शेवटचा नसला म्हणजे झालं. शुभदा म्हणजे मीच.

तीन वाजता कट्टेमने. इथलं गूळपाणी पाटलाच्या घरी, म्हातारा आहे, पांढरं मुंडासं बांधलेला. सगळे अंगणात आले, शेवटी शुभदा. त्याने तिला गूळ दिला, पाणी दिलं. ती सगळं पाणी प्यायली. मग म्हाताऱ्याने विचारलं, “वाट कशी होती, अम्मा?”

तिने रिकामं भांडं खाली ठेवलं. मग आधी कन्नडमध्ये, मग वळून आमच्यासाठी मराठीत म्हणाली, “आजची वाट चांगली होती. दसऱ्याची वाईट होती. त्या दिवशीही मीच शेवटी होते, पण मला कोणी विचारलं नाही. म्हणून मी ते लिहून दिलं. पिराजीरावांनी वाचलं ते पत्र माझं होतं.”

म्हाताऱ्याने मान डोलावली आणि गुळाची परात पुढे फिरवली. रीत होती, रीत पाळली गेली. तनयने एकदम वर बघितलं. अक्का खाली बघत होत्या, म्हणजे त्यांना माहीत होतं. मी जयतीर्थकडे बघितलं. त्यालाही माहीत होतं. तीन महिने मी त्याला जाईन तिथे चोर म्हणत होतो आणि तो ऐकून घेत होता, तिचं नाव येऊ नये म्हणून.

परात माझ्यापर्यंत आली. मी गूळ घेतला. चौदा माणसांसमोर न घेऊन चालण्यासारखं नव्हतं.

२६ जानेवारी, सोमवार. बसमध्ये

खाली उतरताना मी पुढेही नव्हतो, मागेही नव्हतो. मधे कुठेतरी होतो. कोणी माझ्याशी बोललं नाही, जयतीर्थ सोडून. तो म्हणाला, “अण्णा, राग माझ्यावरच ठेवा की. मला सवय झालीय.” त्याच्यावर हात उचलावासा वाटला आणि दुसऱ्याच क्षणी कुठेतरी तोंड लपवावंसं वाटलं.

शुभदा खिडकीशी झोपली आहे. माझ्या खांद्यावर डोकं नाही, काचेवर आहे.

राग येतो आहे. खोटं का लिहू? घरच्याच माणसाने शाळेत माझ्याविरुद्ध टाइपरायटर चालवला, त्याच टाइपरायटरवर माझं पत्रकही टाइप झालं, आणि रोज माझ्याकडून सुडाचे बेत ऐकत ती मला भात वाढत होती. वर १७ तारखेला लिहिलेली तक्रार मी खोडलेली नाही. नाव बदललं की चालण्यासारखी आहे. घरी गेल्यावर मी तिच्याशी बोलणार नाही. बघू या कोण आधी बोलतं.

२८ जानेवारी, बुधवार

दोन दिवस बोललो नाही. तिनेही सुरुवात केली नाही. काल जेवताना घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. आमच्याकडे घड्याळाचा आवाज येतो हे मला ठाऊक नव्हतं.

आज न राहवून मीच विचारलं. “मला घरी का नाही सांगितलंस? तीन महिने होते.”

ती आमटीचं पातेलं उतरवत होती. म्हणाली, “रोज ठरवायचे, आज सांगू. मग तुम्ही यायचात, चपला काढता काढता सुरू करायचात. जयतीर्थ असं म्हणाला, ही वाट घेऊ की ती घेऊ, तुला काय वाटतं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तुम्ही कधी मला तुला काय वाटतं म्हणून विचारलं नव्हतं. सांगितलं असतं तर ते बंद झालं असतं. म्हटलं, अजून एक दिवस जाऊ दे.”

मला राग धरून ठेवायचा होता. सकाळी कारखान्यात जाताना तो होता, हे मला नक्की आठवतं. आता शोधायला गेलो तर हाताला लागेना.

पानं वाढली. बसलो. जयतीर्थबद्दल बोलण्यासारखं आता काही नव्हतं, मोहिमेबद्दल नव्हतं. दुसरं काय बोलायचं, ते मला खरंच सुचेना. वरणभात संपला, ताक झालं. ती ताटं उचलायला उठली तेव्हा मी म्हणालो, “त्या दिवशी, दसऱ्याला, तुम्ही दोघी तिथे काय करत होता एवढा वेळ?”

ती ताटं हातात घेऊन उभी राहिली. मग परत ठेवली आणि बसली.

तिने पहिल्यापासून सांगितलं. अक्कांचा पाय कुठल्या दगडावरून घसरला. दोन हाका कशा मारल्या, पहिली ‘अजित’ म्हणून, कारण ‘अहो’ गर्दीत ऐकू जाणार नाही असं तिला वाटलं. नवऱ्याला नावाने हाक मारण्याची ती तिची पहिली वेळ. मग जळवा आल्या, त्या काढायला मीठ नव्हतं. येणारे-जाणारे वळून बघत होते आणि ती सगळ्यांना सांगत होती, आमचे हे येतायत, आत्ताच येतायत. एकाने पाणी देऊ केलं, तर तिने नको म्हटलं, कारण मी येतच होतो. मग अक्का रडायला लागल्या, मग ती त्यांना शाळेतल्या गमती सांगत बसली. उजेड कमी झाला तेव्हा तिने गमती सांगणं थांबवलं.

मी मधे एकदाही बोललो नाही. सांगून व्हायला तासभर लागला. त्या हकिकतीत जयतीर्थ चार तासांनी येतो. मी कुठेच येत नाही.